कौलांवरचं बिऱ्हाड

१

होळी झाली की पावसाळ्यापर्यंत मला डंकीशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. डंकी म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. मोटार लावली की लोखंडी मुसळं आळीपाळीने खालच्या कुंड्यांत आदळतात आणि पडवीची जमीन पायाखाली थरथरत राहते. मिरचीचा खकाणा नाकातोंडात जाऊ नये म्हणून मी तोंडाला पदर बांधून उभी असते. बायका भाजलेल्या मिरच्या, धणे, बडीशेप घेऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसतात आणि एकमेकींशी ओरडून बोलतात.

घर आमचं आम्ही बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. मजला एकच. माळासुद्धा घातलेला नाही. कौलांवर माडांचे शेंडे आणि त्यावर आभाळ. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी मला पुन्हा पुन्हा तेच विचारलं.

त्या दुपारी रश्मी आली होती. ती बाजारातल्या नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहते. तिची मिरची मी डंकीत ओतली, मोटार लावली, आणि थोड्या वेळाने वरून आवाज आला. ठक, ठक, ठक. डंकीच्या आवाजातूनही स्पष्ट ऐकू येईल एवढा.

मला वाटलं, नारळ पडला. मोटार बंद करून बाहेर आले. नारळ नव्हता, माकडं नव्हती, कौल फुटलेलं नव्हतं. आत येऊन मोटार लावली. पुन्हा ठक, ठक, ठक.

रश्मी हसायला लागली. "वयनी, आमच्या खालच्यांनी टीव्ही मोठ्यान लावल्यानी काय मी अशीच लाटण्यान फरशेर ठोकतंय. आवाज कमी करा म्हणान."

बोलता बोलता तिने वर पाहिलं. वासे आणि कौलं. कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप. तिचं हसू थांबलं, पण तोंड तसंच उघडं राहिलं.

"उन्हात कौलां वाजतत," मी म्हटलं.

"होय तर," ती म्हणाली. मसाला चाळून होईपर्यंत ती काही थांबली नाही. तसाच घेऊन गेली.

२

आमच्या गावाला शहर म्हणायची सवय मला अजून झालेली नाही. विमानतळ झाला, पर्यटक वाढले, किनाऱ्याला हॉटेलं उठली, आणि त्या हॉटेलांत काम करणाऱ्यांना राहायला जागा पुरेना. भाडी अशी चढली की नर्सा, शिक्षक, पोलीस सगळे कुडाळहून ये-जा करायला लागले. मग कोणीतरी नकाशावर आमची वाडी पिवळी रंगवली. पिवळा म्हणजे घरं. चार मजली इमारती, गरजूंना स्वस्तात सदनिका. कागदावर वाचलं तर कोणालाही बरंच वाटेल. मलाही वाटलं असतं, त्या पिवळ्यात माझं घर नसतं तर.

जणू आमच्या वाडीत घरंच नव्हती! जणू आम्ही गरजू नव्हतो, नुसते मध्ये येणारे होतो!

माझ्या नवऱ्याचं नाव सत्यवान. पूर्वी मी त्याचं नाव घ्यायची नाही. आता घेते, रागाने घेते. तो दर्यावरचा माणूस. तोंडवलीच्या एका होडीत त्याची पाती, म्हणजे वाटा, होता. आमचं लग्न झालं, मूल काही झालं नाही, आणि एके वर्षी जाळं ओढताना त्याचा डावा खांदा निखळला तो कधी धड बसलाच नाही. तेव्हापासून तो खांदा उतरून चालतो. होडीतली पाती विकून त्याने ही जागा घेतली, माझ्या डंकीसाठी. स्वतः बर्फाचा टेम्पो चालवू लागला. कधी कुरकुर केली नाही. म्हणून मला वाटत होतं की जागा सोडायची नोटीस आल्यावर तो माझ्यासारखाच पेटून उठेल.

तो नोटीस वाचत बसला आणि म्हणाला, "आपणाक फ्लॅट गावतलो. दुसऱ्या मजल्यार."

"आणि माझी डंकी? ती लावू दुसऱ्या मजल्यार?"

"आयक तरी गो. थयसून दर्या दिसता. मी विचारून इलंय. माडांच्या वयल्यान सरळ दर्या दिसता."

आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. त्याचं त्याला इतकं वाटतं हे मला माहीत नव्हतं. आणि कळलं तेव्हा कणव नाही आली, संताप आला. इतकी वर्षं शेजारी झोपून हा माणूस मनात दुसऱ्या मजल्यावर राहत होता.

३

मोजणीला माणसं आली. साहेब तरुण होते, नम्र होते, ह्याचाच मला जास्त राग आला. उद्धट माणसाला दारातून हाकलता येतं. हे चपला काढून आत आले, पाणी प्यायले, घर छान ठेवलंय म्हणाले, आणि स्वयंपाकघरात माझ्या चुलीपाशी उभे राहून बरोबरच्या माणसाला म्हणाले, "लिफ्ट साधारण इथे येते."

"इथे चूल येते," मी म्हटलं. "आलेली आहे."

साहेब ओशाळले. पंचनामा लिहायला पडवीत बसले. चिरेबंदी बांधकाम, कौलारू, वीजजोडणी आहे, पाणीजोडणी आहे. मी हाताची घडी घालून समोर उभी. सत्यवान कोपऱ्यात, पाहुण्यासारखा.

तेवढ्यात डोक्यावरून कोणीतरी खुर्ची ओढली. लाकडी पाय फरशीवरून ओढत नेल्याचा लांबलचक आवाज. मग त्या खुर्चीवर कोणी बसल्याचा.

साहेबांनी मान वर केली नाही. लिहिता लिहिताच विचारलं, "वर कोण राहतं?"

त्यांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. कौलांकडे. मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाले.

"सॉरी," ते म्हणाले. "सवयीने विचारलं."

मीच मोठ्याने म्हटलं, "उन्हात कौलं वाजतात." स्वतःचाच मला राग आला. माझ्या घरात काय वाजतं ह्याचा खुलासा मी त्यांना कशाला द्यायचा?

ते गेल्यावर मी सत्यवानाकडे वळले. तो अजून वरच पाहत होता. घाबरलेला नव्हता. एखाद्या घरी सगळे जेवायला बसलेत आणि आपल्याला कधी बोलावतात ह्याची वाट पाहत माणूस बसतो, तसा दिसत होता.

४

मी काही भुताखेतांना मानणारी बाई नाही. आधी वाटलं, मोटारीच्या थरथरीने वासे सैल झाले असतील. म्हणून डंकी बंद ठेवून पाहिली. दिवसभर कान देऊन बसले. सकाळी वर कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग कोणी लादी पुसली. ओल्या फडक्याचा तो सपसप आवाज मला दुसऱ्या कशाचा वाटणं शक्यच नाही. शेजारच्या घरातून येत असतील म्हणावं, तर शेजारची दोन्ही घरं मोबदला घेऊन केव्हाच रिकामी झाली होती.

आणि पैंजण. दुपार कलली की वर पैंजण धावायचे. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मग भिंत ओलांडून पुढे, माझ्या घराबाहेर, खळ्याच्या वर, जिथे नुसती हवा आहे तिथे. तिथून परत.

मी बाहेर येऊन पाहायची. उघडं आभाळ. आणि त्या उघड्या आभाळात, माडाच्या शेंड्यापाशी, छुमछुम छुमछुम.

एक दिवस पडवीच्या जमिनीवर पाणी ठिबकलं. फिनाइलचा वास. वर कौल कोरडं ठणठणीत, तापलेलं.

पण मला भीती वाटायला लागली ती मिरच्यांमुळे. खळ्यात पसरलेल्या मिरच्या वाळेनात. एप्रिलचं ऊन, पाय ठेवला तर भाजेल असं, आणि माझ्या मिरच्या हाताला गार लागत होत्या. नीट पाहिलं तेव्हा कळलं, खळं सावलीत होतं. माडाची झिरमिरी सावली नव्हे. सरळ रेघेत कापलेली, काटकोनातली. तिची कड आखल्यासारखी तुळशीजवळून जात होती. कडेच्या बाहेर पांढरं ऊन, आत सावली. आणि वर पाहिलं तर सूर्य सरळ डोळ्यांत.

मी सावलीत उभी राहून सूर्याकडे पाहत होते.

तेव्हा भीतीच्या वर राग चढला. अजून सही नाही, निवाडा नाही, पाया नाही, आणि माझं ऊन आधीच नेलं? मी बांबू घेतला, पडवीत गेले आणि वाशांवर दणादण मारले. "हळू चला रे! खाली माणूस राहता! माझा घर आसा ह्या अजून!"

वरचे आवाज एकदम थांबले. मग कोणीतरी कुजबुजलं. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. खालची वेडी बाई परत सुरू झाली, असं बोलतात ना, तो सूर.

५

सत्यवानाने आपली खाट पडवीत आणली. म्हणाला, वारा येतो. मग टेम्पोच्या फेऱ्या कमी केल्या. दुपारी जेवून खाटेवर पडायचा, डोळे उघडे, हात डोक्याखाली.

"काय आयकतास?" मी विचारलं.

"काय नाय."

मग थोड्या वेळाने आपणहून, "आज शाळेक गेली नाय ती. ताप इलो आसतलो."

"कोण?"

"वयली."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. "नाव काय तिचा?"

माझ्याकडे कूस वळवत तो म्हणाला, "तुका काय करूचा आसा?" नाव माहीत नसतं तर माहीत नाही म्हणाला असता.

मी डंकीपाशी जाऊन पुढच्या घाण्याची तयारी करायला लागले, तर तो उठून बसला.

"आता नको लावू. दुपारची निजता ती. तुझ्या डंकीन दचकता."

माझ्या घरात, माझ्या पडवीत, माझी डंकी! मी मोटार लावली. कुंड्यांत मिरचीचं बोंडही नव्हतं. लोखंड लोखंडावर आदळत होतं, ठिणग्या उडत होत्या. मी तशीच लावून ठेवली, माझ्या दातांना कंप सुटेपर्यंत. वरून ठोकायला आलं नाही कोणी. जळका वास आला तेव्हा बंद केली.

त्या शांततेत वर एक मूल रडत होतं. दचकून जागं झालेलं मूल रडतं तसं, श्वास अडकत अडकत. आणि एक पुरुष त्याला थोपटत होता. "उगी, उगी. गप हां. उगी."

मी वर पाहत होते. मग माझ्या लक्षात आलं की तो आवाज वरून येत नव्हता. वळले. सत्यवान खाटेवर बसून होता, तोंड कौलांकडे केलेलं, आणि उजव्या हाताने मांडीवर हळूहळू थापट्या मारत होता. "उगी, उगी."

वरचं रडणं थांबलं.

"मी सही करून इलंय," तो म्हणाला. "संमतीची. काल."

मला वाटलं होतं मी आरडाओरडा करीन. पण पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले आणि त्याच्या उतरलेल्या खांद्याकडे पाहत राहिले. त्या खांद्याला मी वर्षानुवर्षं तेल चोळलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी तो बर्फ घ्यायला गेला तेव्हा मी शिडी लावली. काय आहे ते एकदा बघायचंच होतं. पडवीवरची कौलं मी एकेक करून उचलली, काही रागाने खाली टाकली. माणूस जाईल एवढं भोक झालं. डोकं बाहेर काढलं.

तापलेलं छप्पर, वाळलेली पानं, एक फाटका पतंग. लांबवर माडांचे शेंडे. बाकी काही नाही. मला हसू आलं. किती मूर्ख आपण, असं स्वतःलाच म्हटलं आणि घाम पुसला.

तेव्हा अगदी जवळ, माझ्या डोक्याच्या थोडं वर, कोणीतरी गाणं गुणगुणत कपडे झटकत होतं. ओल्या कपड्याचा फटकारा. चिमटा लावल्याचा टक् असा आवाज. माझ्या गालावर पाण्याचे बारीक थेंब उडाले.

मी हात वर केला नाही. केला असता तर लागलं असतं काहीतरी. कठड्याची कड, साडीचा काठ, कोणाचा पाय. नक्की लागलं असतं. मी डोळे मिटून, पायाने चाचपडत शिडी उतरले. पडवीत उतरून दारातून खळ्यात पाहिलं.

सावलीला आता कठडा होता. उभ्या गजांची रांग माझ्या मिरच्यांवर पडली होती, आणि वर दोरी, दोरीवर एक लहान झगा. खालच्या जमिनीवर वारा पडलेला, माडाचं पान हलत नव्हतं. झग्याची सावली हलत होती.

७

सुनावणीच्या दिवशी मी नवी साडी नेसले. सत्यवान म्हणाला, "तू हो पुढे. मी टेम्पो घेवन मागसून येतंय." त्याच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. मला वाटलं, निदान माझ्या बाजूला येऊन उभा तरी राहील.

प्रांताच्या ऑफिसात मी उभ्याने बोलले. बसा म्हणत होते, बसले नाही.

"ही जमीन पडीक नाही. मी इथे धंदा करते. अर्ध्या शहराचा मसाला माझ्याकडून जातो. दुसऱ्या मजल्यावर डंकी चालत नाही, साहेब."

"आपली हरकत नोंदवून घेतली आहे," तेच तरुण साहेब म्हणाले. "पण हे सार्वजनिक प्रयोजन आहे. आणि आपल्या यजमानांची संमती आलेली आहे."

"जमीन दोघांच्या नावावर आहे. माझी नाही संमती. मी मेले तरी नसेल."

"घरं लोकांसाठीच आहेत, ताई."

"मी कोण आहे मग?"

त्यांनी पुढची फाइल जवळ ओढली. मी दाराकडे पाहिलं. सत्यवान आला नव्हता.

रिक्षा करून घरी आले तेव्हा दुपार टळलेली. टेम्पो माडाखाली उभा, किल्ली त्यातच. पायरीवर त्याच्या चपला, शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. हा माणूस कधी चपला नीट काढायचा नाही. पडवीत खाटेवर त्याच्या अंगाचा खळगा होता, आणि छपराच्या भोकातून त्यावर उजेड पडलेला.

"अवो!" मी हाक मारली. घरभर फिरले, न्हाणीत पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं. खळ्यात आले.

सावली तिथेच होती. कठडा, दोरी, झगा. आणि कठड्याला टेकून एक माणूस उभा, समुद्राच्या दिशेला तोंड करून. डावा खांदा उतरलेला.

मी त्या सावलीच्या पायाशी उभी होते. तो सावकाश वाकला, काहीतरी उचललं आणि खांद्यावर बसवलं. उजव्या खांद्यावर. दोन लहान पाय त्याच्या छातीवर लोंबकळत होते. एक छोटा हात पुढे झाला आणि समुद्राकडे बोट दाखवत राहिला.

मी वर पाहिलं. सूर्य होता. मी किती वेळ तशी पाहत राहिले कोण जाणे. खाली पाहिलं तेव्हा डोळ्यांपुढे नुसते काळे-हिरवे गोळे नाचत होते.

८

पोलिसांनी विहीर उपसली. होड्या किनाऱ्याने कुणकेश्वरपर्यंत जाऊन आल्या. लोक म्हणाले, गोव्याला गेला, बाई ठेवली होती. लोक म्हणाले, बायकोने छळलं. पोलिसाने मला विचारलं, शेवटचं कुठे पाहिलं? मी खळ्याकडे बोट दाखवलं. त्याने लिहून घेतलं, अंगणात.

वर आता बिऱ्हाड नीट सुरू होतं. सकाळी त्याचं खाकरणं ऐकू यायचं. खोकताना तो दोनदा थांबतो, ते थांबणंसुद्धा. ताटं वाजायची. कोणी बाई काहीतरी बोलायची आणि तो हसायचा. माझ्याबरोबर इतका हसला नव्हता कधी. मी खाली एकटीचा भात टाकायची आणि दात आवळून ऐकायची.

दिवाळीच्या सुमाराला रश्मी पेढे घेऊन आली. पडवीत पाय न टाकता खळ्याबाहेरूनच म्हणाली, "वयनी, जिंकलास तुमी! रद्द झाला सगळा. हायवेच्या बाजूक सरकारी जमीन गावली, थयसर बांधतले बिल्डिंगी. हयसर एक चिरो हलूचो नाय!"

मी पेढा हातात घेऊन उभी राहिले. हयसर बांधणार नाहीत. कधीच बांधणार नाहीत.

मग तो कुठे आहे?

तशीच निघून ऑफिसात गेले. साहेब मला पाहून हसत उभे राहिले. "अभिनंदन, ताई. तुमचं घर वाचलं."

"बांधा," मी म्हटलं.

"काय?"

"बिल्डिंग बांधा. नकाशा काढलात ना? लिफ्ट येते म्हणालात ना माझ्या चुलीवर? मग बांधा! चार मजले नको, दोन बांधा. मी सही करते. कुठे करू सही?"

"ताई, बसा. पाणी आणा रे कोणीतरी."

"माझा नवरा दुसऱ्या मजल्यावर गेलाय आणि तुम्ही मजला रद्द करता? माणसं वर नेऊन ठेवलीत तुम्ही, आणि आता जिना बांधत नाही! कोणी अधिकार दिला तुम्हाला?"

सगळं ऑफिस उभं राहून पाहत होतं. साहेबांच्या डोळ्यांत कीव होती. मी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून भिंतीवर फेकला. तरीही ते नम्रपणेच म्हणाले, "घरी सोडा ह्यांना, गाडी काढा."

९

मग जिना मीच बांधायला घेतला.

धोंडू गवंड्याने माझं घर बांधलं होतं. म्हातारा झालाय, पण ओळंबा अजून चुकत नाही. खळ्यात चिरे उतरवले तेव्हा त्याने विचारलं, "वयनी, माळो घालतास काय?"

"नाय. नुसतो जिनो."

"आणि जिनो जातलो खंय?"

"वर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि पान थुंकून पाया खणायला घेतला. कामाची मजुरी मिळते तर तो कशाला वाद घालेल? जिना पडवीच्या अंगाने चढत गेला, छपराच्या वर गेला. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. पर्यटक फोटो काढायचे. मला कोणाचं काही वाटत नव्हतं. जसजसा जिना चढत होता तसतसे आवाज जवळ येत होते. नळ सोडल्याचा. पंखा फिरल्याचा. वही उघडून पाढे म्हटल्याचा.

काल दुपारी धोंडू वरची एक पायरी बसवत होता, शेवटच्या दोन-तीन उरल्या होत्या, आणि मी त्याच्या मागे उभी होते. खाली कौलं, चारही बाजूंना माडांचे शेंडे, आणि त्यांच्यावरून, खरंच, समुद्र दिसत होता. निळा, स्वच्छ, वेंगुर्ल्याच्या बाजूपर्यंत पसरलेला. समोर काही नव्हतं. वारा होता. पण वाऱ्यात फोडणीचा वास होता, आणि माझ्या तोंडासमोर, हाताच्या अंतरावर, एक उष्णता होती. बंद दारापाशी उभं राहिलं की आतल्या माणसांची लागते तशी.

मी काय काय ठरवून ठेवलं होतं. सहीबद्दल विचारायचं. चपलांबद्दल विचारायचं. त्या बाईला दोन शब्द सुनवायचे. मग हात धरून ह्या जिन्याने त्याला खाली आणायचं.

"अवो," मी म्हटलं. पुन्हा मोठ्याने, "अवो! मी आसंय! आयकलास काय?"

पाढे थांबले. पैंजण वाजत दारापर्यंत आले.

"बाबा, बाहेर कोण आहे?"

खुर्ची सरकली. पावलं आली, एक पाऊल जरा जड, खांदा उतरलेल्या माणसाचं. दारापलीकडे उभं राहिलं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी माझा रोखून धरला.

सत्यवान उभ्या जन्मात मालवणीशिवाय बोलला नाही. प्रांताच्या ऑफिसातही त्याने सगळ्यांना मालवणीतच बोलायला लावलं. पण आवाज त्याचाच होता, दर्यावर हाका मारून मारून चिरलेला.

"कोणी नाही," तो म्हणाला. पुस्तकातल्यासारखं, स्वच्छ. "तू अभ्यास कर, बाळा. कोणी नाही."

आणि आतून कडी घातली.

धोंडूने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने ऐकलं होतं. त्याचा हात चिऱ्यावर तसाच राहिला होता. मग तो बसल्या बसल्या, माझ्या बाजूने चिऱ्यांना हात टेकत, एकेक पायरी खाली सरकत गेला. खळ्यात उतरून अनवाणीच रस्त्याला लागला. थापी, ओळंबा, सगळं वरच टाकून.

आज सकाळी मी त्याची थापी उचलली. सिमेंट कालवायला मला येतं, चिरेही आणून ठेवलेले आहेत. उरलेल्या पायऱ्या मीच बसवतेय.